वणीत दिसते का?

॥ जय सेवालाल ॥

फुलसावंगी तांडा
दि. १८ डिसेंबर २००५

चि. सौ. शीलास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. फोन का करत नाहीस म्हणून तू रागावली आहेस. अगं, फोनवर तू रडतेस, मी चिडतो आणि बूथवाला दोघांचं ऐकत बसतो. पत्रात माणूस जरा शहाण्यासारखा बोलतो. शिवाय तुझं पत्र मी बापूसाठी मोठ्यानं वाचतो. याडी तेव्हा चुलीकडे तोंड करून बसते. तुझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली, तिनं पोटच्या लेकीचं नाव घेतलेलं नाही. पण तुझं पत्र वाचायच्या दिवशी तव्यावरची भाकर हमखास करपते. बापू गुपचूप करपलेली भाकर खातो.

आता केबलच्या धंद्याचं. माझ्या छपरावरच्या छत्र्या तुला माहीत आहेत. त्या सिग्नल पकडतात, पण तो उघडायचं कार्ड कंपनीच्या हातात असतं. यंदा कंपनीची माणसं तांड्यात घरं मोजायला आली. दसऱ्यापासून अर्धा तांडा ऊसतोडीला कारखान्यांवर गेला आहे, हे तुला सांगायला नको. दारांना कुलुपं, पण वायर तशीच भिंतीला लटकलेली. त्यांनी वायरी मोजल्या आणि म्हणाले, की इतक्या घरांचे पैसे द्यायला लागतील. मी विचारलं, की साहेब, कुलूप टीव्ही पाहते काय? ते म्हणाले, की वायर आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे. महागाव, पुसद, उमरखेड, सगळीकडे हेच. मग आम्ही केबलवाल्यांनी ठरवलं, की बंद घरं वगळल्याशिवाय कोणीही करारावर सही करायची नाही. कंपनीनं कार्डं बंद केली आणि तिची सगळी चॅनलं काळी झाली. मला संघटनेचा सचिव केलं आहे, अक्षर चांगलं आहे म्हणून. फुलसावंगीच्या बायका मला रस्त्यात गाठून मालिकेत पुढे काय झालं ते विचारतात. मलाच माहीत नाही तर काय सांगू?

एक बातमी राहिलीच. दिवाळीनंतर त्याच कंपनीच्या मराठी चॅनलवाले लोकगीतांच्या कार्यक्रमासाठी तांड्यात आले होते. आपल्या याडीनं त्यांच्यापुढे लेकीला सासरी लावतानाचा ढावलो गायला. मी त्या दिवशी पुसदला मीटिंगमध्ये होतो, त्यामुळे ऐकायचं राहिलं. जानेवारीत दाखवतील म्हणतात. तेव्हापासून याडी मला रोज संध्याकाळी एकच गोष्ट विचारते, की कंपनीचं ते वणीत दिसते का? मी सांगतो, की दिसते, वणीचा सिग्नल चंद्रपूरकडून येतो, भांडण फक्त आपल्या बाजूच्या तालुक्यांत आहे. मग मान हलवते आणि कामाला लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काहून विचारते ते कळत नाही.

पाव्हण्यांना नमस्कार. लोभ चालू ठेव, आमच्या चॅनलांसारखा मध्येच काळा करू नकोस.

तुझा भिया,
सुनील


॥ जय सेवालाल ॥

वणी
दि. २७ डिसेंबर २००५

ती. भियास,

शीलाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं म्हणून तू सचिव झालास हे वाचून मी एकटीच हसत बसले. शाळेत तुझ्या गृहपाठाच्या वह्या कोण लिहीत होतं, ते संघटनेला कळवू का? पण कुलपाचं तू बोललास ते मला आवडलं. लहानपणी आपणही बाभळीच्या काट्यानं कुडाचं दार बंद करून ऊस तोडायला जात होतो. तेव्हा वायर नव्हती, एवढंच.

इकडे बरं आहे. माझी बालवाडी चालू आहे. हे कोळशाच्या ट्रकवर दिवसपाळीला आहेत. कितीही आंघोळ केली तरी उशीवर काळा डाग राहतोच. सासूबाई म्हणतात, की सून गोरी आहे म्हणून डाग जास्त दिसतो. त्यांच्या बोलण्यात खोट नसते, मला आता सवय झाली.

याडी वणीचं का विचारते ते मला कळलं, तुला नाही कळायचं. तिला भीती वाटत असणार, की माझ्या सासरचे तिला टीव्हीत गाताना बघतील आणि नावं ठेवतील. तिला सांग, की इथे कोणी नावं ठेवणार नाही. सासूबाई तर गल्लीभर सांगत सुटतील.

ढावलो गायली म्हणतोस, त्यानं मात्र जिवाला लागलं. तुला आठवतं का रे, कापूस वेचताना ती एका ओळीत आणि मी शेजारच्या ओळीत असायचे. ती ढावलोतला आईचा प्रश्न म्हणायची आणि थांबायची. मी लेकीचं उत्तर द्यायचं. ते बरोबर आलं की ती पुढच्या झाडाला हात घालायची. पाठ झाला होता मला अख्खा. सासरी निघताना गळ्यात पडून रडत गायची वेळ मात्र मीच येऊ दिली नाही. त्या साली कापसाला भाव नव्हता, बापू लग्नाच्या जेवणासाठी बैलजोडी विकायला निघाला होता. मी वणीच्या कचेरीत दोन हार आणि पेढ्यांवर लग्न केलं. आजही तसंच करीन, हे तू मोठ्यानं वाचलंस तरी चालेल. बैल वाचले ना? पण याडीचं तेव्हाचं शेवटचं वाक्य कानातून जात नाही. म्हणाली होती, की जी रडून गेली नाही ती परत कायले येईल? त्यावर मी आलेच नाही. तिनं बोलावलं नाही आणि न बोलावता यायची माझी हिंमत होत नाही.

बापूला नमस्कार. त्याला म्हणावं, भाकर करपली तर बोल, मुकाट्यानं खाऊ नकोस. लोभ आहेच, पण पत्र पाठवशील तर तो कळेल.

तुझी,
शीला


॥ जय सेवालाल ॥

फुलसावंगी तांडा
दि. १० जानेवारी २००६

चि. सौ. शीलास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज तुझा भाऊ छाती फुगवून लिहितो आहे, तेवढं सहन कर. परवा यवतमाळला अख्ख्या जिल्ह्यातल्या केबलवाल्यांची मीटिंग झाली. मी उभा राहून बोललो. म्हटलं, की आज आमच्या तांड्यातली कुलुपं मोजली, उद्या पांढरकवड्याच्या आदिवासी पोडांतली मोजतील, मग तुम्ही काय कराल? मग तुमच्या वणीचे नौशादभाई उठले. त्यांची दाढी आणि आवाज तुला माहीतच असतील. ते म्हणाले, की ये लडका सही बोल रहा है, सिग्नल चालू असला तरी पंधरा तारखेपासून वणीतही कंपनीचं एक चॅनल दाखवणार नाही. टाळ्या पडल्या. कोणी चहा पाजला, कोणी पाठ थोपटली. तेव्हा तुझ्या सासूबाईंच्या मालिका बंद होतील, त्याचे शिव्याशाप माझ्या नावावर घे.

काल कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून घरी आला होता. म्हणाला, की तुम्ही एकट्यानं सही करा, तासाभरात तुमचं कार्ड उघडतो, येत्या बावीस तारखेला, रविवारी संध्याकाळी तुमच्या आईचा कार्यक्रम आहे, तो तरी पाहा. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं. सचिवानंच सही केली तर बाकीचे कशाला थांबतील?

फक्त एक विचित्र झालं. संध्याकाळी याडीनं नेहमीप्रमाणे विचारलं आणि मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, की आता वणीही बंद होणार, मीच बंद करवली. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेली. रात्री जेवली नाही, आज सकाळीही नाही. स्वतःला टीव्हीत पाहायचं राहिलं म्हणून रुसली असेल. तुझा अंदाज खरा असता तर वणी बंद झाली म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. बायकांच्या मनातलं सांगायला संघटनेत कोणी नाही.

पाव्हण्यांना आणि सासूबाईंना नमस्कार. लोभ ठेव, भावाची कॉलर ताठ आहे तोवर तरी.

तुझा भिया,
सुनील


॥ जय सेवालाल ॥

फुलसावंगी तांडा
दि. १४ जानेवारी २००६

चि. शीला,

आशीर्वाद. घाईत लिहितो आहे. तांड्यातल्या रामलालचा ट्रक उद्या वणीला येतो आहे, पत्र त्याच्याच हातून पाठवतो, पोस्टाचा भरवसा नको.

मी मूर्ख आहे, हे आधी लिहून टाकतो. आज संक्रांतीचा तिळगूळ द्यायला सत्यभामाकाकी आली. शूटिंगच्या दिवशी ती तिथे होती. तिनं सांगितलं ते ऐक. टीव्हीवाल्यांना गळ्यात पडायला एक नवरी हवी होती. काकीची सून नटून तयारही झाली. याडीनं तिला बाजूला बसवलं. म्हणाली, की माझी पोरगी वणीले आहे, तिची जागा खालीच राहू द्या. मग त्या रिकाम्या जागेपुढे तिनं दोन्ही हात पसरून ढावलो सुरू केला. प्रत्येक प्रश्नात तुझं नाव घेतलं. प्रश्न म्हणायची आणि तुझ्या उत्तराएवढा वेळ थांबायची. टीव्हीचा साहेब म्हणाला, की आजी, मध्ये थांबू नका, रिकामं दिसतं. ती म्हणाली, की मग तुमचे वायर काढून घ्या. काकी सांगता सांगता रडली. तिच्यादेखत मीही रडलो.

दोन महिने ती मला विचारत होती, की वणीत दिसते का, आणि मी वणीच बंद करून आलो.

मी तसाच तिच्याकडे गेलो. म्हटलं, की आत्ता पुसदला जातो, करारावर सही करतो, नौशादभाईंच्या पाया पडतो, काय वाटेल ते करतो. ती म्हणाली, की ऊस तोडाले गेलेल्या लोकायनं तुह्या भरवशावर घराले कुलूप लावलं, त्याइचं कुलूप तू मोजू देलं तं मले तोंड दाखवू नको. गाणं काय, मी अजून मेली नाही. एवढं बोलली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. आज पोटभर जेवली. पण शीला, मला तिच्याकडे बघवत नाही.

म्हणून आता तुझा केबलवाला भाऊ हात जोडून सांगतो आहे, ज्याच्या घरावर स्वतःची ती लहान बशी असेल त्याच्याकडे जाऊन बस. ती बशी आमच्या पोटावर पाय देणारी आहे, तिचं नाव माझ्या तोंडून येईल असं कधी वाटलं नव्हतं. तिला केबल लागत नाही, सिग्नल थेट येतो. रविवारी, बावीस तारखेला, संध्याकाळी सहाला. पाव्हण्यांना विचार, ट्रकवाल्यांना सगळे धाबे माहीत असतात.

लोभ असू दे, माझी लायकी नसली तरी.

सुनील


॥ जय सेवालाल ॥

वणी
दि. २३ जानेवारी २००६

ती. भियास,

शीलाचा सा. न. वि. वि.

हे पत्र नेहमीपेक्षा मोठ्यानं वाच. चुलीपर्यंत गेलं पाहिजे. आणि वाचण्याआधी तव्यावरची भाकर उतरवायला सांग.

सोमवारी सकाळी तुझं पत्र मिळालं, ते वाचून मी बालवाडीत गेलेच नाही. संध्याकाळी हे घरी आले, त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पत्र मागितलं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, की पांढरकवड्याला हायवेवर रौशनभाईचा धाबा आहे, त्याच्या छपरावर बशी आहे. आधी फोन करून पक्कं करून घेतलं. रविवारी सुट्टी टाकली. सासूबाईही यायला निघाल्या. आम्ही तिघं ट्रकच्या केबिनमध्ये, मध्ये मी. सासूबाईंनी नवं लुगडं नेसून त्यावर घोंगडी पांघरली होती, कोळसा लागू नये म्हणून.

धाब्यावर क्रिकेट चालू होतं. हैदराबादकडचे ड्रायव्हर बाजांवर बसून जेवत होते. रौशनभाईंनी चॅनल बदललं तेव्हा सगळे कुरकुरले. त्यांनी सांगितलं, की इस बेटी की माँ आनेवाली है टीव्ही में. मग एकानं आपली बाज आमच्याकडे सरकवली.

आधी कुठल्या तरी जात्यावरच्या ओव्या झाल्या. नंतर आपला तांडा दिसला. नायकाच्या घरापुढचा लिंब, बापूची बैलजोडी. बापू, ती जोडी टीव्हीत फार देखणी दिसते. मग याडी. किती वाळली रे ती. दंडावरच्या बांगड्या खाली घसरत होत्या. तिनं हात पसरले आणि पहिल्याच ओळीत माझं नाव घेतलं.

मला वाटलं होतं, टीव्हीवाले तिचं थांबणं कापून टाकतील. त्यांनी कापलं नाही. तिथे आपल्या शिवारातला कापूस दाखवला, आवाज न करता. याडीनं विचारलं, की शीला, सकाळी गोठ्याची ताटी कोण उघडेल? पडद्यावर नुसता कापूस. भिया, मी ठरवून काही केलं नाही. तोंडातून उत्तर आपोआप आलं, की ताटी भावजय उघडेल गं याडी. अजून आली नाहीस तरी ये गं भावजये, हे माझं पदरचं. याडीनं विचारलं, की डोक्यावर घागर चढवायला हात कोण देईल? मी गायले, की विहिरीवरच्या सयांना सांगून आले गं याडी. माझा आवाज फाटत होता. याडी बरोबर तेवढीच थांबत होती, पुढच्या झाडाला हात घालायची तशी. कधी हुंदका आला आणि मी मागे राहिले, पण पुढच्या प्रश्नाला पुन्हा गाठलं. सासूबाईंनी मला मागून धरलं होतं. एक म्हातारा ड्रायव्हर हातातला घास तसाच धरून बसला होता. आपली बोली त्याला कळत नव्हती, तरी डोळे पुसत होता.

शेवटचा प्रश्न तुला माहीत असेल. आई विचारते, की आता कधी येशील? याडीनं तो विचारला, थांबली, आणि साबणाची जाहिरात लागली. जाहिराती संपल्या तोवर दुसऱ्याच गावचं गाणं सुरू झालं होतं. माझं उत्तर तोंडातच राहिलं.

रौशनभाईंनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. परत येताना हे गाडी अगदी हळू चालवत होते आणि मी पोटभर रडले. लग्नानंतर दोन वर्षांनी. सासूबाई म्हणाल्या, की आता तू खरी आमच्या घरी आलीस.

तू स्वतःला मूर्ख म्हणतोस ते बरोबर आहे. पण कुलपाचा हट्ट सोडू नकोस, याडीचं ऐक. तुझ्यावर माझा लोभ पूर्वी होता त्याहून जास्त आहे, हेही मोठ्यानं वाच.

तुझी,
शीला


॥ जय सेवालाल ॥

फुलसावंगी तांडा
दि. ५ फेब्रुवारी २००६

चि. सौ. शीलास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी धंद्याचं लिहितो, म्हणजे मग दुसरं नीट लिहिता येईल. कंपनी नमली. पूर्ण नाही, पण आमच्यापुरती नमली. दसऱ्यापासून होळीपर्यंत कुलूप असलेली घरं मोजायची नाहीत, एवढं करारात आलं आणि आम्ही सगळ्यांनी एकाच टेबलावर सह्या केल्या. नौशादभाईंनी माझ्या गालाचा मुका घेतला. आता चॅनलं दिसतात आणि फुलसावंगीच्या बायका पुन्हा मला ओळख देत नाहीत.

तुझं पत्र वाचलं. भाकर आधी उतरवून घेतली होती. मी वाचत गेलो तशी याडी चुलीकडून वळली, मग जवळ येऊन बसली. ताटीपर्यंत आलो तेव्हा ती पुटपुटली, की हे बरोबर म्हटलं. भावजयीवर तुझं पदरचं आलं तेव्हा हसली आणि माझ्याकडे पाहिलं, माझ्या लग्नाचा विषय आता निघणारच. घागरीला म्हणाली, की तिथे सूर वर न्यायचा असतो, शिकवलं होतं पोरीले, विसरली. मग मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. बापूनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं, बैलांसाठी.

जाहिरातीचं ऐकून मात्र ती जागेवर राहिली नाही. उठून बाहेर ओसरीवर गेली आणि तांड्याच्या रस्त्याकडे तोंड करून तो शेवटचा प्रश्न तिनं पुन्हा म्हटला. चांगला मोठ्यानं, तुझं नाव घेऊन. आणि थांबली. शेजारची सत्यभामाकाकी दारात आली. उत्तर लेकीनं द्यायचं असतं, आम्ही काय म्हणणार?

रोज संध्याकाळी ती आता मला वेगळं विचारते, की वणीहून काही आलं का? मी सांगतो, की नाही. मग मान हलवते आणि कामाला लागते.

पाव्हण्यांचे उपकार मी विसरणार नाही, सासूबाईंना पायलागू. लोभाचं आज काही लिहीत नाही, तू काय ते समज.

तुझा भिया,
सुनील


॥ जय सेवालाल ॥

वणी
दि. १२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप याडीस,

शीलाचा सा. न. वि. वि.

तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. भिया वाचून दाखवील. त्यानं चुलीपाशी बसून हळू वाचावं.

तू विचारलंस त्याचं उत्तर, होळीला. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येते. ऊसतोडीची माणसंही तेव्हा परतू लागतील, कुलुपं निघतील, तांडा भरलेला असेल. हे मला सोडायला येतील आणि चार दिवसांनी न्यायला येतील.

घागरीचा सूर मी विसरले नव्हते, रडण्यात चुकला. आल्यावर पुन्हा शिकव.

आणि याडी, मला वाटेला लावायला सगळा तांडा बोलाव. या खेपेला जाताना मी रडून जाईन.

तुझी,
शीला